जुना संगणक आणि नव्या प्रणालीची निवड



नांदेडच्या वजिराबादेत असो वा लातूरच्या औसा रस्त्यावर, मध्यमवर्गीय घराच्या एखाद्या कोपऱ्यात कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक हमखास आढळतो. मुलाच्या शिक्षणासाठी काटकसर करून तो घेतलेला असतो. मुलगा शिकून पुण्याला जातो, संगणक मात्र घरीच राहतो. आता दुकानदार सांगतो, “हा टाकून द्या, नवा घ्या.” हा सल्ला मुकाट्याने मानावा काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न उभा राहिला तो १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना आणखी एका वर्षाची सवलत देऊ केली, पण ती केवळ मुदतवाढ होती. साहाय्य संपले म्हणून यंत्र बंद पडत नाही. मात्र प्रणालीत पुढे सापडणारी छिद्रे बुजविली जात नाहीत. अशा यंत्रावरून बँकेचा व्यवहार करणे म्हणजे कडी नसलेल्या दारामागे तिजोरी ठेवणे होय.

मग विंडोज ११ का घेऊ नये? तिची अट कडक आहे. किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर तिला लागतो. त्यामुळे २०१४ सालचे धडधाकट यंत्रही तिच्या दारात अडते. अट चुकवून ती बसविण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही.

येथे लिनक्सचा विचार सुरू होतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि जगभरच्या अभ्यासकांनी ती वाढविली. तिची बहुतेक रूपे विनामूल्य मिळतात. तथापि विनामूल्य म्हणून ती सर्वांना सोयीची, असे मात्र नव्हे. निवडीपूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : काम कोणते, यंत्राची ताकद किती आणि अडले तर निस्तरणार कोण?

पहिला प्रश्न कामाचा. लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन-तुरीची उलाढाल करणाऱ्या आडत्याचा हिशेब टॅलीवर चालतो. टॅली विंडोजसाठी घडविलेली आहे. त्याने पोटापाण्याचा व्यवहार प्रयोगाला लावू नये. नवे यंत्र घ्यावे. नांदेडच्या छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर साठला असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा. नाहीतर नव्या प्रणालीत अक्षरांची नुसती खिचडी दिसेल. मात्र पत्रलेखन, ई-मेल, वाचन, परीक्षेच्या तयारीची व्याख्याने पाहणे एवढेच काम असलेल्या निवृत्त शिक्षकाला किंवा विद्यार्थिनीला लिनक्स पुरेशी आहे.

दुसरा प्रश्न ताकदीचा. ४ जीबी स्मृती असलेल्या ६४-बिट यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुखाने चालते. २ जीबी असेल तर लुबंटूसारखी हलकी प्रणाली पाहावी, पण इंटरनेट संथ चालेल हे गृहीत धरावे. त्याहून जुन्या ३२-बिट यंत्रांची वाट अरुंद होत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने त्यांच्यासाठी स्थापनेची सोयच ठेवली नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली, तर कोणत्याही प्रणालीपेक्षा मोठा फरक पडतो. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धुळीने गुदमरलेला पंखा आधी स्वच्छ करावा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

स्वदेशीचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या मनात येथे ‘बॉस’ हे नाव येईल. सी-डॅकने ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली २००७ मध्ये आणली. तिचा पाया डेबियन या जागतिक प्रकल्पाचा आहे. हे सांगण्यात कमीपणा नाही, कारण खुल्या ज्ञानावर आपल्या भाषेची इमारत उभारणे हाही पुरुषार्थच. परंतु केवळ नावाच्या अभिमानाने प्रिंटर चालत नाही. तिचीही परीक्षा इतरांसारखीच घ्यावी.

ती परीक्षा सोपी आहे. प्रथम छायाचित्रे व कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. मग प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, काहीही न पुसता, संगणक त्यावरून सुरू करावा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि इनस्क्रिप्ट पद्धतीचे मराठी टंकलेखन तपासावे. सारे जुळले तरच ती कायमची बसवावी.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि तोच निर्णायक आहे. या शतकाच्या आरंभी परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने अमेरिकेतील वापरलेले संगणक गोव्याच्या शाळांत आले आणि त्यांवर लिनक्स बसविण्यात आली. जुने यंत्र शाळेत नवे आयुष्य जगू शकते, हे त्या प्रयत्नाने दाखविले. पण यंत्र पोहोचविले म्हणजे काम संपत नाही. ते बिघडते तेव्हा जवळ जाणता माणूस लागतो. नांदेडला गुरु गोविंदसिंहजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. तंत्र जाणणारे तरुण येथे उणे नाहीत. त्यांनी महिन्याचा एक रविवार शेजारच्या शाळेला वा वस्तीतल्या घरांना दिला, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातच सापडेल.

जे यंत्र खरोखर निकामी झाले, ते भंगारात न देता, डिस्कवरील माहिती पुसून अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावे. उरलेल्यांवरचे कापड मात्र बाजूला सारावे. ज्या घराने काटकसर करून ती वस्तू घेतली, त्या घराने तिचा निकाल जाहिरात वाचून लावू नये. तपासून, विचारपूर्वक लावावा.