डोकेदुखी आणि मेंदूचे चित्रण : निर्णय कशावर घ्यावा?



मी पेशाने कापडाचा व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य पदवीधर. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याची माझी पात्रता नाही. तथापि आपल्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाचताना एक प्रश्न वारंवार समोर आला. डोके दुखते, म्हणून मेंदूचा स्कॅन करावयाचा आहे, मदत मिळावी, असे ते अर्ज असतात. मदत देण्यास हरकत नाही; परंतु प्रत्येक डोकेदुखीस ही तपासणी आवश्यक असते काय?

सी. टी. स्कॅन हे यंत्र मानवजातीवर उपकारच होय. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी सिद्ध केलेल्या या यंत्रावर १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. पण बहुसंख्य डोकेदुखी अर्धशिशीची वा ताणाची असते आणि या दोन्ही व्याधी चित्रात दिसत नाहीत. अहवाल निर्दोष येतो, वेदना मात्र तशीच राहते. उलट, न शोधलेलेच काही हाती लागते. हॉलंडमधील रॉटरडॅम येथे दोन हजार सामान्य प्रौढांच्या मेंदूचे एम. आर. आय. केले गेले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरात जवळजवळ दोघांच्या मेंदूतील रक्तवाहिनीवर फुगवटा आढळला. यांतील बहुतेक फुगवटे आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. पण कळल्यावर झोप कोणाला लागणार?

मग निर्णय कशावर घ्यावा? वेदना किती तीव्र आहे, यावर नव्हे. अर्धशिशीही माणसाला अंथरुणास खिळविते. पाहावयाचे ते वेदनेचे स्वरूप आणि त्यात झालेला बदल. वीज कोसळावी तशी मिनिटभरात शिगेस पोहोचणारी वेदना सर्वांत धोक्याची. पहिल्या सहा तासांतील स्कॅन मेंदूभोवतीचा रक्तस्राव सहसा चुकवीत नाही. उशीर होईल तशी ही खात्री घटते आणि पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावे लागते. डोकेदुखीसोबत ताप व मान ताठरणे, हातापायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे, फीट येणे, दृष्टी मंदावणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, कर्करोगाचा पूर्वेतिहास, गरोदरपणात वा बाळंतपणानंतर नव्याने उद्भवलेली तीव्र वेदना, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना तातडीने दाखवावे. तेथे खर्चाचा विचार करू नये.

याउलट, स्कॅन निर्दोष आला म्हणून निर्धास्त राहणेही घातक ठरू शकते. साठी-सत्तरीत कानशिलाजवळ दुखणे आणि घास चावताना जबडा भरून येणे, ही रक्तवाहिनीच्या दाहाची लक्षणे असू शकतात. मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये हा दाह सहसा कळत नाही. रक्ततपासणीने संशय बळावतो आणि उपचारास विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

उपवासातील डोकेदुखी आपल्या समाजास अपरिचित नाही. पारण्यानंतर ती बहुधा आपोआप शमते. त्यासाठी अर्ज करण्याची घाई नको! वारंवार डोके दुखत असेल तर व्यापारी जसा रोजमेळ लिहितो तशी नोंद ठेवावी : कोणत्या दिवशी, किती वेळ, कोणती गोळी घेतली. साध्या वेदनाशामक गोळ्याही महिन्यातून पंधरा वा अधिक दिवस, याप्रमाणे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते. ही वही डॉक्टरांसमोर ठेवावी; पुष्कळदा निदान तीतूनच होते.

ज्येष्ठांच्या घरच्यांना एक विशेष विनंती. न्हाणीघरात पाय घसरला, डोक्याला किरकोळ मार लागला, खोक पडली नाही, म्हणून ती घटना विसरली जाते. पुढे दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागते, चाल अडखळते, बोलण्यात विसंगती येते आणि घरचे म्हणतात, वयच झाले! कवटीच्या आत हळूहळू साचणारे रक्त असेच प्रकट होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास अधिकच. येथे स्कॅन अत्यावश्यक आहे, कारण साचलेले रक्त शस्त्रक्रियेने काढता येते. ते पडणे कितीही क्षुल्लक वाटले तरी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. शुद्ध हरपू लागली तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.