स्वस्त घर आणि महाग गाव

(जुहू येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुहू-पार्ले विकास योजनेतील बंगल्यांत स्वयंपाक करणाऱ्या, मोटारी हाकणाऱ्या, चित्रपटांच्या सेटवर सुतारकाम करणाऱ्या आणि दिवे सांभाळणाऱ्या माणसांची घरे नेहरूनगरात, जुहू गल्लीत, मोरागावात आहेत. या घरांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो : मुंबईत खोलीचे भाडे झेपत नाही, मुले मोठी होत आहेत, तर जावे कोठे? नालासोपारा, विरार, बोईसर ही जुनी उत्तरे झाली. आता माणसे राज्याची हद्द ओलांडून उंबरगाव, वापी, सुरत, बडोदे ही नावे घेतात. कोणी बेळगाव म्हणतो, कोणी गोवा, कोणी इंदूर.

हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यात चळवळीने काय सांगावयाचे, असे म्हणणारे कार्यकर्ते आहेत. परंतु जनगणनेचे आकडे वेगळे सांगतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. उपनगर जिल्ह्याची ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेली आणि त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून ११० लाखांच्या वर. शहर आपल्या श्रमिकांना एकेक स्थानक पुढे ढकलत नेत होते, हा या आकड्यांचा अर्थ आहे. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणूरोडपर्यंत, म्हणजे चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरपर्यंत, जाऊ लागल्या. त्यापुढे घोलवड, आणि त्यापुढे उंबरगाव; तेथे महाराष्ट्र संपतो. ढकलला जाणारा माणूस आपण गाव निवडले असे म्हणतो, कारण तसे म्हणण्यात थोडा मान राहतो. या निवडीत त्याला खरी मदत करावयाची असेल, तर आधी हिशेबाची रीत बदलावी लागेल.

सामान्यतः हिशेब एका ओळीचा असतो. तेथील भाडे इतके, येथील इतके, वजाबाकी ही बचत. दलालही हीच ओळ दाखवितो. अर्थशास्त्रात सामाजिक वेतन नावाची एक कल्पना आहे. मजुराच्या हाती रोख पडते ते त्याच्या वेतनाचा एक भाग असते. दुसरा भाग त्याला महापालिकेचे इस्पितळ, महापालिकेची शाळा, बेस्टची बस, नळाचे पाणी आणि शिधावाटप या रूपाने मिळतो. तो पाकिटात येत नाही म्हणून मोजला जात नाही, आणि गाव सोडल्यावरच त्याची किंमत कळते. जुहूतील श्रमिक कुटुंबाला कूपर इस्पितळ पायी जाण्याच्या अंतरावर आहे. बेस्टचे किमान भाडे २०१९ साली पाच रुपयांवर आले होते, ते मे २०२५ मध्ये दहा झाले. ही दुप्पट वाढ निषेधार्हच होती. तरीही ज्या गावात सार्वजनिक बसच नाही आणि प्रत्येक फेरीला रिक्षाला पैसे मोजावे लागतात, तेथे राहणाऱ्याला हे दहा रुपयेही स्वस्तच वाटतील.

एक कुटुंब कल्पू. आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. नवरा मोटार हाकतो. बायको योजनेतील तीन घरी स्वयंपाक करते. मुलगी नववीत, मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत. म्हाताऱ्या सासूबाईंची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे कूपरमधून येतात. खोलीचे भाडे बारा हजार. वापीला तशीच, किंबहुना मोठी, खोली पाच हजारांत मिळते. म्हणजे महिना सात हजारांची बचत. नवरा विसार देऊन मोकळा होतो. परंतु बायकोला तीन घरांचे मिळून चौदा हजार मिळत होते. ज्या गावात कारखाने आहेत पण स्वयंपाकाला बाई ठेवणारी घरे थोडी आहेत, तेथे तिला पाच हजारांचे काम मिळाले तरी नशीब. एवढ्यानेच नऊ हजार गेले आणि सात हजारांची बचत बुडाली. औषधे दुकानातून घ्यावी लागली, मुलगा खाजगी शाळेत घालावा लागला, तर ते वेगळेच.

आश्चर्य हे की या हिशेबात बायकोची कमाई धरलीच जात नाही. ती ‘वरकड’ समजली जाते. वास्तविक जुहूसारख्या वस्तीत अनेक घरांचा स्थिर आधार तीच कमाई असते, कारण मोटार हाकणाऱ्याचा मालक बदलतो, सेटवरचे काम महिना-महिना बंद पडते, पण सकाळच्या पोळ्या कोणत्याही घरात बंद पडत नाहीत. स्थलांतराची झळ पहिल्याने स्त्रीच्या मिळकतीला लागते. आणि मिळकतीबरोबर घरातील तिच्या शब्दालाही.

राज्याची हद्द ही आणखी वेगळी गोष्ट आहे. घटनेच्या १९व्या कलमाने नागरिकाला देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा अधिकार दिला आहे. तथापि माणूस हद्द ओलांडतो तेव्हा त्याचे सर्व हक्क त्याच्याबरोबर ओलांडत नाहीत. काही येतात. शिधापत्रिकेवरील केंद्राचे धान्य आता कोणत्याही राज्यात उचलता येते. ही सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२२ मध्ये सर्व राज्ये तिच्यात सामील झाली. आयुष्मान योजनेचे कार्डही परराज्यात चालते. परंतु २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये महाराष्ट्राच्या रहिवासी स्त्रीलाच मिळतात. २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी जे कल्याण मंडळ झाले, तेही महाराष्ट्राचेच.

दलित आणि आदिवासी कुटुंबांनी तर दहा वेळा विचार करावा अशी एक गोष्ट आहे, आणि तिचे मूळ मुंबईतच आहे. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशावरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. विद्यार्थी आंध्र प्रदेशातील अनुसूचित जमातीचा होता आणि वडील नोकरीनिमित्त मुंबईस आले होते. १९९० साली घटनापीठाने सांगितले की एका राज्यातील अनुसूचित जातिजमातींचा माणूस दुसऱ्या राज्यात स्थायिक झाला, तर त्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ त्याला मिळत नाही. पुढे १९९४ साली न्यायालयाने हेही स्पष्ट केले की त्याच नावाची जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी फरक पडत नाही. महार जात महाराष्ट्राच्या यादीत आहे तशी गुजरातच्याही यादीत आहे. तरीही नेहरूनगरातून सुरतेस गेलेल्या कुटुंबाच्या मुलीला गुजरात सरकारच्या महाविद्यालयात वा नोकरीत राखीव जागा मागता येणार नाही. केंद्राच्या नोकऱ्यांत तिचा हक्क शाबूत राहतो, एवढेच. अस्पृश्यतेचा डंख हद्दीवर थांबत नाही. त्यावरचा उपाय मात्र थांबतो. या निर्णयाची कायदेशीर उपपत्ती काहीही असो, वस्तीतल्या कुटुंबाला तो विसार देण्याच्या आधी ठाऊक असला पाहिजे.

मुलांच्या इयत्तेचेही असेच आहे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या राज्य कोट्यात, म्हणजे शंभरातील पंचाऐंशी जागांत, बसावयाचे तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हाव्या लागतात. इतर राज्येही आपापल्या जागा आपापल्या विद्यार्थ्यांसाठी राखतात. तेव्हा दहावी येथे आणि बारावी तेथे झालेले मूल दोन्हीकडून बाहेर पडण्याचा धोका असतो. वरच्या उदाहरणातील मुलगी नववीत आहे हे मुद्दाम सांगितले. तिच्यासाठी एक तर कुटुंबाने आताच जावे, नाहीतर बारावीपर्यंत थांबावे. चौथीतल्या भावाचा प्रश्न सोपा आहे. गुजरातने २०२३ साली पहिली ते आठवी गुजराती शिकविणे सर्व शाळांना सक्तीचे केले. नऊ-दहा वर्षांचे मूल नवी लिपी वर्षभरात उचलते. मराठीतून शिकवावयाचे तर सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते. मुंबईत मराठी शाळांच्या तुकड्या विद्यार्थ्यांअभावी मिटत असताना परप्रांतातील एक महापालिका त्या चालविते, हे ऐकून आपल्याकडील अभिमानी मंडळींनी काय करावे ते त्यांनीच ठरवावे.

झोपडीचाही विचार हवा. १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीधारकाला पुनर्वसनात विनामूल्य, आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीधारकाला सशुल्क घर मिळू शकते. घर तीनशे चौरस फुटांचे. पात्रता प्रत्यक्ष वास्तव्यावर असते. विमानतळाच्या उड्डाणमार्गातील उंचीच्या बंधनांमुळे या भागात पुनर्विकास रखडतो, वर्षे जातात, आणि कंटाळलेले कुटुंब झोपडी कोणाला तरी देऊन निघून जाते. पुढे सर्वेक्षण होते तेव्हा त्याचे नाव यादीत नसते. गाव बदलण्यातील ही सर्वांत मोठी किंमत, आणि ती कोणत्याच हिशेबात लिहिलेली नसते.

आता गावांविषयी. उंबरगाव परके नाही. १९६० पर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. राज्ये झाली तेव्हा त्यातील गावे गुजरातेत गेली. जुहूच्या चित्रपट कामगारांना ते वेगळ्या कारणाने ठाऊक आहे : १९८७ साली दूरदर्शनवर आलेल्या ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण तेथेच झाले. मराठी समजणारी माणसे आहेत, समुद्र आहे. परंतु डहाणूच्या पुढे उपनगरी गाडी नाही, तेव्हा मुंबईची नोकरी टिकवून तेथे राहणाऱ्याचे आयुष्य मोजक्या गाड्यांच्या वेळापत्रकावर चालते.

वापीस काम आहे, यात शंका नाही. तेथील औद्योगिक वसाहत १९६७ सालची. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण-निर्देशांक काढला, त्यात अंकलेश्वर पहिले होते आणि वापी ८८.०९ गुणांनी दुसरे. त्यानंतर उपाय झाले असतील, मोजमापाच्या रीतीही बदलल्या. तरी जेथे खोली स्वस्त आहे ती कारखान्यांच्या कोणत्या बाजूला आहे आणि कूपनलिकेचे पाणी कोणत्या रंगाचे येते, हे लहान मुलांच्या आईबापांनी पाहिल्याशिवाय राहू नये. स्वस्ताईचे कारण बहुधा तेथेच सापडते.

सुरतेची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. खानदेशातील हजारो कुटुंबे ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने येऊन उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत स्थिरावली आहेत. मराठी माणूस तेथे एकटा पडत नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये हेच शहर प्लेगच्या भीतीने रिकामे झाले होते. १९९५ साली आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या काळात दीड-दोन वर्षांत त्याची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. माणसे तीच होती, तापीही तीच होती. बदलला तो महापालिकेचा कारभार. आज त्या महापालिकेचे स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय आणि इस्पितळ आहे. उलट बाजूही आहे. यंत्रमागावर आणि हिऱ्याच्या घंटीवर मजुरी नगावर मिळते, आणि २००८ च्या मंदीत हिरे कामगारांना गावी परतावे लागले. ऑगस्ट २००६ च्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, आणि लिंबायतच्या सखल बाजूला खाडीचे पाणी एरवीही शिरते. खोली तेथेच स्वस्त असते.

बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या परंपरेचा लाभ त्या शहराला अजून मिळतो. ज्याच्या हाती तंत्राचे काम आहे त्याने बडोद्याचा विचार सुरतेच्याही आधी करावा. बेळगावची हवा आणि भाडे दोन्ही मानवण्यासारखे आहे, पण सरकारी कागद कन्नडमधून येणार हे धरून चालावे. गोव्यात घरे सुटीपुरत्या येणाऱ्यांनी महाग केली. शिवाय २०१८ च्या जानेवारीपासून बांबोळीच्या शासकीय इस्पितळात गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात केवढा क्षोभ उसळला होता. नव्याने आलेल्या कुटुंबाने रहिवासाचे कागद आधी करावेत हा त्यातला धडा.

कोणी विचारील, की जाऊच नका असे सांगावयाचे आहे काय? तसे नाही. याच उपनगरांत मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमाल नागरी जमीनधारणा कायद्याखालील जमिनीसाठी झगडून दिंडोशीला नागरी निवारा परिषदेची सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. तो १९७६ चा कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला आणि तो मार्ग बंद झाला. पर्याय बंद करून माणसाला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. जाणाऱ्याने जावे. आणि जुहूत उत्तरेकडून आलेल्या शेजाऱ्याला ज्याने परप्रांतीय म्हणून हिणविले, त्याला उद्या उधन्याच्या घरमालकाकडून तोच शब्द ऐकावा लागेल, हे त्याने वाटेत आठवावे.

कार्यकर्त्यांकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या कुटुंबाला एक साधी रीत सांगता येईल. घर पाहावयास रविवारी जाऊ नये. रविवारी सर्वच गावे शांत आणि स्वच्छ दिसतात. कामाच्या दिवशी जावे. सकाळी आठला सरकारी इस्पितळाच्या केसपेपरच्या रांगेत उभे राहावे. दुपारी शाळा सुटते तेव्हा फाटकाशी थांबून मुले कोणत्या भाषेत भांडतात ते ऐकावे. नळाला पाणी किती वाजता येते ते घरमालकाला नव्हे, शेजारणीला विचारावे. रात्री शेवटची बस किती वाजता सुटते ते पाहून मगच परतीची गाडी धरावी. पहिले वर्ष नवऱ्याने किंवा थोरल्या मुलाने एकट्याने जाऊन राहावे, आणि तोवर येथील खोली, शिधापत्रिका आणि मतदारयादीतले नाव सोडू नये. आणि गाव पाहावयास जाताना बायकोला बरोबर न्यावे. स्वयंपाकाची कामे त्या गावात कोणत्या आळीत मिळतात, हे तिच्याखेरीज दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाही.