वार लावलेले घर
(सुवर्णमहोत्सवानिमित्त सिविल लाइन्स, जयपूर येथे केलेले भाषण)



मंगल प्रसंगी मी उदास करणारा विषय काढतो आहे, याची क्षमा असावी. परंतु कोटा आपल्यापासून अवघ्या अडीचशे किलोमीटरांवर आहे आणि गोपालपुरा बायपासवरील क्लासांची रांग तर आपल्याच शहरात आहे.

2023 साली एकट्या कोट्यात पंचवीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. त्या ऑगस्टमध्ये क्लासांच्या चाचण्या दोन महिने थांबविण्याचा आदेश जिल्हा प्रशासनाला द्यावा लागला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले. हे सारे आवश्यकच होते. पण समुपदेशकाकडे जाण्यासाठी मुलाने आधी आपण खचलो आहोत हे कबूल करावे लागते. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तेच सर्वांत अवघड जाते.

आपल्याकडे पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पंक्तीतील अपमान अनेकांनी जन्मभर विसरले नाहीत, आणि जातीची भिंत तर होतीच. तरीही तिच्यात एक गोष्ट आपोआप घडे. मुलगा वाराला आला नाही, तर त्या घरी कोणी तरी विचारी, ‘आज का बरे आला नाही?’ आज डबा खोलीच्या दाराशी येतो आणि तसाच परत गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

नीटचेच पाहा. 2024 मध्ये तेवीस लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली; एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर. बहुतेकांना जागा मिळणार नाही, हे गणितानेच आधी ठरविलेले असते. दोष मात्र प्रत्येक मुलगा स्वतःकडे घेतो, आणि त्याने घरी फोन केला की आपण पहिला प्रश्न गुणांचा विचारतो!

लातूर-नांदेडकडची आणि विदर्भातली जी मुले येथे एकटी राहतात, त्यांच्यासाठी मंडळाच्या प्रत्येक कुटुंबाने एक वार द्यावा, अशी माझी सूचना आहे. रविवारी जेवायला बोलवावे आणि परीक्षेचे नाव काढू नये. मूल आले नाही तर त्याच दिवशी खोलीवर जाऊन यावे. ते फार गप्प वाटले तर ‘जगणे नकोसे झाले आहे का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. होकार आला तर त्याला एकटे सोडू नये, घरी कळवावे, डॉक्टर गाठावा. टेली-मानसचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

नावनोंदणीची वही दाराशी ठेवली आहे. आपला वार तिच्यात लिहावा.