तिसऱ्याच्या दारातून

दिवसभराच्या नोंदी रोजकीर्दीत करायच्या आणि सवडीनं त्या खतावणीत उतरवून मेळ घालायचा, ही आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची जुनी शिस्त. रोजकीर्द हा शब्द फारसीतून आला आणि मराठी पेठेत इतका मुरला, की त्याचं मूळ गाव आता कुणी विचारत नाही. संगणकाच्या जगात अशाच कामाला ‘सिंक’ म्हणतात. खिशातल्या यंत्रातली नोंद टेबलावरच्या संगणकात जावी आणि तिथली इकडे यावी, एवढाच त्याचा अर्थ.

१९९६ साली ‘पाम’चं ‘पायलट’ हे तळहातावर मावणारं यंत्र अमेरिकेत बाजारात आलं. ते त्याच्या बैठकीवर ठेवून एक बटन दाबलं, की पत्ते, भेटीच्या वेळा, टिपणं दोन्हीकडे सारखी होत. एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली आढळली, तर यंत्र दोन्ही जपून ठेवी. खरी कोणती, ते मालकानं ठरवायचं. यंत्राची ही अदब मला फार आवडते.

पुढे वायरीचीही गरज उरली नाही. इन्फ्रारेड आलं, ब्लूटूथ आलं, वाय-फाय आलं. मायक्रोसॉफ्टच्या ‘ॲक्टिव्हसिंक’मुळे हातातला पॉकेट पीसी घरच्या वाय-फायवरून संगणकाशी मेळ घालू शके. २००५ साली ‘ॲक्टिव्हसिंक’ची चौथी आवृत्ती आली आणि ही सोय काढून टाकण्यात आली. कारण दिलं गेलं सुरक्षिततेचं. वायर राहिली, ब्लूटूथ राहिलं, कार्यालयाच्या एक्स्चेंज सर्व्हरशी हवेतून होणारी जोडणीही राहिली. घरातल्या दोन यंत्रांमधली वाय-फायची वाट तेवढी बंद झाली.

कारण खोटं नव्हतं. वाय-फायवरून उघडी जाणारी माहिती वाटेत दुसरा कुणी वाचू शकतो. पण दाराला कडी नाही म्हणून आपण दार विटांनी बुजवत नाही, कडी बसवतो. अशी कडी बसवता येते. २०१३ साली सुरू झालेली ‘सिंकथिंग’ ही मुक्त प्रणाली एका यंत्रातल्या फायली दुसऱ्यात थेट नेते आणि वाटेत त्या कुलूपबंद ठेवते.

वारं मात्र उलट्या दिशेनं वाहत होतं. २००९ साली आलेल्या ‘पाम प्री’मध्ये त्या जुन्या बटनाची सोय नव्हती. २०१० च्या ‘विंडोज फोन ७’नं संगणकातल्या आउटलुकशी थेट मेळ सोडला. २०१३ साली ॲपलच्या ‘मॅव्हरिक्स’मधून पत्ते आणि दिनदर्शिका संगणकातून थेट फोनमध्ये नेण्याची सोय गेली. लोकांनी तक्रारी केल्या आणि मे २०१४ मध्ये ती परत आली. तक्रार करणं अगदीच वाया जात नाही, एवढा दिलासा त्यातून घ्यावा.

दूरच्या सर्व्हरचे उपकार मी नाकारत नाही. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी नवा घेतल्यावर सगळे पत्ते परत येतात. गरिबाच्या एकुलत्या एका फोनाला तर तोच आधार. पण वकिलाकडे अशिलांची नावं असतात, डॉक्टरकडे रुग्णांची. माझ्या यादीत काही क्रमांक असे आहेत, की ते लावले तर पलीकडून आता कुणी ‘सलाम’ म्हणणार नाही. ते मी खोडत नाही. माझ्याच घरातल्या दोन वस्तूंना ही नावं एकमेकींना सांगायची असतील, तर त्यांनी तिसऱ्याच्या दारातून का जावं? जावंसं वाटलं तर जातील. दुसरी वाटच नसणं, ही निराळी गोष्ट झाली.

म्हणून नवं यंत्र घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याआधी हे विचारा : यातले पत्ते माझ्या संगणकावर थेट उतरतात का? आणि महिन्यातून एकदा ते उतरवून घ्या. दूरच्या पेढीत खुशाल खातं ठेवा. खतावणी मात्र घरात असू द्या.