दुसरी खेप



पडद्यामागे कोळीनृत्याच्या मुली मघापासून साड्या सावरत ताटकळल्या आहेत. पहिल्या रांगेतल्या छोट्यांची नजर बक्षिसांच्या टेबलावरून हलत नाही. स्नेहसंमेलनात पाहुण्यांचं भाषण हा सगळ्यांत नावडता भाग असतो, हे मी तुमच्या वयाची असल्यापासून जाणते. तेव्हा उपदेश बाजूला ठेवते. माझं काम कसं चालतं आणि त्या कामात मुळशी मला कशी भेटत गेली, एवढंच सांगते.

मी मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी लिहिते. कुठे नोकरी नाही. विषय मीच शोधायचा आणि संपादकांच्या गळी उतरवायचा. त्यांना पटला की ते शब्द किती आणि तारीख कोणती ते सांगतात. मग एसटीचं तिकीट माझं, चहा माझा, मुक्कामाची सोयही माझी. लेख छापून आला की मानधन मिळतं, आणि ते कधीकधी पुढचा अंक बाजारात आला तरी वाटेतच असतं. पालकांनी घाबरू नये, तुमच्या मुलांना मी या धंद्यात ओढायला आलेली नाही.

आमची सुगी दिवाळीत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळासोबत वाचायची सवय लागली. अंक दिवाळीत हातात पडतो, पण लेख त्याच्या खूप आधी द्यावा लागतो. म्हणजे दिवाळी अंकासाठी हिंडायचं ते ऐन पावसाळ्यात. आणि मुळशीचा पाऊस काय असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे शाईचं पेन चालत नाही, टिपणं पेन्सिलीने घ्यावी लागतात, हे मला ताम्हिणीकडच्या एका वस्तीवर कळलं.

मुळशी म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, पावसाळ्यातले ताम्हिणीचे धबधबे. दुसरी कोणती? बरोबर, मागच्या रांगेतून उत्तर आलंच. २०१८ साली आलेला 'मुळशी पॅटर्न'. धबधब्यांचा फोटो काढून लोक संध्याकाळी घरी जातात आणि सिनेमा दोन-अडीच तासांत संपतो. पण इथे राहणाऱ्यांची गोष्ट एवढ्यात आटपत नाही. ती ऐकायची तर परत यावं लागतं. आमच्या कामातलं एकच गुपित मला ठाऊक आहे, ते हे की लेख पहिल्या खेपेत मिळत नाही, तो दुसऱ्या खेपेत मिळतो. पहिल्यांदा गेलं की लोक पाहुण्याला सांगायचं ते सांगतात. परत गेलं की म्हणतात, "अगं, तू पुन्हा आलीस?" आणि मग बसायला पाट देतात.

एका दिवाळी अंकाला आंबेमोहोर भातावर लेख हवा होता. हरवलेला सुवास वगैरे, असं काहीतरी हळवं. मी आले, पारावर बसले. तिथल्या जाणत्या मंडळींनी सांगितलं, "पूर्वी एका घरात भात शिजला की सगळ्या आळीला कळायचं." पुढच्या गावात गेले, तिथेही हेच वाक्य. त्याच्या पुढच्या गावातही तेच. लेख तयारच होता म्हणा ना. पण तीनही गावांत एकच वाक्य ऐकू आलं की माझा कान टवकारतो. आवणीच्या दिवसांत मी परत आले आणि या खेपेला पारावर न बसता खाचराच्या बांधावर उभी राहिले. इरलं घेऊन वाकलेल्या एका आजींना तोच प्रश्न विचारला. त्या हसल्या. म्हणाल्या, "वास खाणारे वेगळे आणि कापणारे वेगळे, बाई. ते भात उंच वाढायचं आणि परतीच्या पावसात आडवं पडायचं. लोळलेलं भात चिखलातनं कापायला कोण? आम्हीच."

तिथून लेखाने वेगळीच वाट धरली. आंबेमोहोराचा दाणा गोड, पण उतारा कमी आणि पीक लोळायचं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि ठेंगणी, भरघोस उताऱ्याची आयआर ८ या दोन जातींच्या संकरातून 'इंद्रायणी' काढली आणि १९८७ साली ती शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाली. आज तुमच्यापैकी बहुतेकांच्या डब्यात तिचाच भात असेल. सुवास थोडा उणा झाला, पण कापणाऱ्यांची कंबर थोडी वाचली. ही बाजू मला पारावर कुणी सांगितली नव्हती. कुणी खोटं बोललं नव्हतं, मंडळी फक्त ताटाच्या बाजूने बोलत होती.

दुसरी गोष्ट पाण्याची. एका मासिकाला कोलाडच्या राफ्टिंगवर भटकंतीचा लेख हवा होता. कोलाड रायगड जिल्ह्यात, नदी कुंडलिका. रबरी बोट, शिरस्त्राण, आरडाओरडा, सगळी मजा. पण मला पडला एक साधा प्रश्न. भर उन्हाळ्यात, आसपासचे ओढे कोरडे पडले असताना, या नदीला रोज एवढं पाणी येतं कुठून? बोटवाला म्हणाला, "वरून सोडतात." वरून म्हणजे कुठून? तर भिऱ्याच्या वीजघरातून. आणि भिऱ्याला कुठून? मुळशीच्या धरणातून. सह्याद्रीचा कडा उतरून सुमारे पाचशे मीटर खाली जाणारं हे पाणी जनित्रं फिरवतं, ती वीज मुंबईकडे जाते आणि पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. धरण नसतं तर मुळा नदीबरोबर ते पुण्याला, मग भीमेला, कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. भटकंतीचा लेख मी वेळेवर दिला. पण वही बंद होईना, कारण पाण्याचा माग मला थेट १९२१ सालात घेऊन आला.

त्या वर्षीच्या रामनवमीला, १६ एप्रिलला, इथे मुळशी सत्याग्रह सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती, टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं आणि पन्नासेक गावांची भातखाचरं त्यासाठी जाणार होती. 'जान किंवा जमीन' ही इथल्या मावळ्यांची घोषणा होती. सेनापती बापटांचं नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. पांडुरंग महादेव बापट मूळचे पारनेरचे, पण 'सेनापती' ही पदवी त्यांना या मातीतल्या लढ्याने दिली. वारंवार तुरुंगात गेले. १९२४च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामावर जाणारी गाडी अडवून गोळीबार केला आणि सात वर्षांची शिक्षा भोगली.

आमच्या धंद्यातलाही एक मोठा माणूस त्या लढ्यात होता, म्हणून मला अभिमान वाटतो. 'काळ' पत्राचे संपादक शिवराम महादेव परांजपे. १९०८ साली लेखनापायी राजद्रोहाची शिक्षा भोगलेले हे गृहस्थ १९२२ साली पुन्हा तुरुंगात गेले, ते मुळशीसाठी. आणि विनायकराव भुस्कुटे, जे स्वतः सत्याग्रहात पुढे होते, त्यांनी पुढे त्याचा इतिहास लिहून ठेवला. तो लिहिला नसता तर आज कितीतरी तपशील आपल्या हाती नसता.

पण इतिहासालाही दुसरी खेप लागते. पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक राजेंद्र व्होरा या विषयाकडे वळले. जगातली पहिली धरणविरोधी चळवळ, असं त्यांनी मुळशीविषयी म्हटलं आणि २००९ साली या विषयावरचं त्यांचं पुस्तक इंग्रजीतही आलं. त्यांनी दाखवून दिलं की कंपनी एका बाजूला आणि सगळे जमीनवाले दुसऱ्या बाजूला, इतकं ते सरळ नव्हतं. बरीच जमीन कागदावर पुण्यातल्या सावकारांची होती आणि कसणारे इथले मावळे होते. सावकारांना भरपाई घेऊन मोकळं होणं परवडत होतं. कसणाऱ्याच्या हाती ना कागद, ना भरपाई. जमिनीची बातमी करताना मी आजही हाच धडा गिरवते. माणसाचं ऐकायचं, मग तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहायचा, फेरफार पाहायचा आणि परत माणसाकडे यायचं. कागद आणि माणूस वेगळं बोलू लागले की समजावं, बातमी इथेच आहे.

हे शिक्षण मला ज्यांच्या लेखनातून मिळालं, ते आपल्याच जिल्ह्यातल्या ओतूरचे अनिल अवचट. शिकून डॉक्टर झाले, पण वही घेऊन बिहारमध्ये पूर्णियाला गेले, निपाणीच्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या बायांपर्यंत गेले, हमालांमध्ये बसले. गर्दच्या व्यसनाविषयी त्यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा अवचटांच्या पुढाकाराने 'मुक्तांगण' उभं राहिलं. प्रत्येक लेखातून संस्था उभी राहत नाही. माझ्या तर कुठल्याच लेखातून राहिलेली नाही. पण ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांच्याकडे अंक घेऊन परत जायचं, एवढं मी पाळते. भाताच्या लेखाचा अंक त्या आजींना नेऊन दिला. वाचून दाखव म्हणाल्या, आणि ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "राब भाजायचं राहिलं की यात." त्यांचं बरोबर होतं. आठशे शब्दांत ते बसलं नव्हतं.

आता माझं म्हणणं. आम्ही बाहेरचे लोक कितीही खेपा घातल्या तरी संध्याकाळची शेवटची एसटी पकडतोच. तुम्ही इथेच राहता. धरणात गेलेल्या गावाचं नाव तुमच्या आजोबांच्या तोंडी आहे. हिंजवडीच्या कंपनीत कामाला जाणारा काका आणि भाताची आवणी करणारी काकू तुमच्या एकाच घरात आहेत. मी महिनाभर हिंडून जे गोळा करते, ते तुम्हाला जेवणाच्या पंगतीत ऐकू येतं. फक्त कुणी विचारत नाही, आणि लिहून तर मुळीच ठेवत नाही.

म्हणून तुमच्यासाठी एक काम आणलं आहे. याला गुण नाहीत. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला तीन प्रश्न विचारा. आपलं घर आधी कुठे होतं? आपल्या कुठल्या शेताचं नाव काय, आणि ते का पडलं? घरातलं कुठलं काम आता कुणीच करत नाही? पहिल्यांदा विचाराल तेव्हा उत्तर येईल, "तुला काय करायचंय? अभ्यास कर." दोन दिवसांनी परत विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, आपल्या शब्दांनी सजवू नका. नावं आणि सालं दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्या. आणि लिहून झाल्यावर ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवा. ते चुका काढतील. त्या दुरुस्त करा.

मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे. तुमच्या पुढच्या हस्तलिखिताची निम्मी पानं या लेखांसाठी ठेवायला ते तयार आहेत. शुद्धलेखन तपासायला मी येईन, तिकीट माझं. मानधन मिळणार नाही, हे आधीच सांगते. लेख द्यायची मुदत पंधरा ऑगस्ट, आणि तारीख चुकली तर मी सोळाला कुणाचंही ऐकणार नाही.