पावसावरचा सट्टा आणि केडगावची बाग



लहरीपुरा दरवाज्यातून आत शिरून सरळ मांडवीकडे चालत गेलं, की बडोद्याचा सारा पैशाचा इतिहास दोन्ही हातांना लागतो. जुन्या सावकारांच्या पेढ्या इथल्याच. मी बँकेत नोकरी केली आणि चर्चमध्ये वाढले. या दोन्ही ठिकाणी जो प्रश्न मला वारंवार विचारला गेला, तो आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

गेल्या वर्षी उपासना संपल्यावर एक बाई माझ्याजवळ आल्या. पती वारलेले, त्यांच्या फंडाची रक्कम हातात आलेली. मुलगा म्हणत होता, थोडी म्युच्युअल फंडात घालू. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी त्यांना बजावलं होतं की शेअर म्हणजे जुगार आणि ख्रिस्ती माणसाला तो वर्ज्य आहे. बाईंनी मला हळूच विचारलं, “ताई, हे पाप आहे का हो?”

त्यांची भीती मला खरी वाटली. आमच्या मेथडिस्ट परंपरेत जुगाराला पिढ्यान् पिढ्या स्पष्ट नकार आहे. लॉटरीचं तिकीटही घ्यायचं नाही, असं आम्हाला लहानपणी सांगितलं जाई. त्या शिस्तीने कितीतरी संसार वाचवले. तिची टिंगल करायला मी उभी राहिलेले नाही. पण ज्यात उद्याची खात्री नाही ते सगळं जुगार, असं म्हटलं तर पेरणी करणारा प्रत्येक शेतकरी जुगारी ठरतो. इथे काहीतरी चुकतं आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत पावसावर सट्टा चाले. ठरलेल्या वेळात पाऊस पडेल की नाही, यावर लोक पैसे लावत. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने तो आवरेना, तेव्हा १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पावसावरच्या पैजा बंद कराव्या लागल्या. आता तोच ढग इकडे कर्जणच्या काळ्या जमिनीवर आलेला डोळ्यांसमोर आणा. खाली कपाशी लावलेला शेतकरी उभा आहे. मुंबईचा सटोडिया आणि हा शेतकरी एकाच आभाळाकडे बघताहेत, दोघांचाही जीव टांगणीला लागलेला आहे. मग फरक कशात?

शेतकऱ्याची जोखीम त्याने तयार केलेली नाही. माणसाला कापड हवं, कापडाला कापूस हवा, कापसाला पाऊस हवा, आणि पाऊस कोणाच्या हातात नाही. ही जोखीम जगात आधीपासूनच आहे. कोणीतरी ती खांद्यावर घेतल्याशिवाय अंगावर वस्त्र येणार नाही. सटोडियाची जोखीम मात्र पैज लावायच्या क्षणापर्यंत अस्तित्वातच नव्हती. ती त्याने मुद्दाम जन्माला घातली, आणि पाऊस पडो वा न पडो, तिच्यातून एक बोंडही उमलणार नाही. एकाच्या खिशातलं दुसऱ्याच्या खिशात जाईल, एवढंच.

म्हणून एकमेकांची ओझी वाहा, ही पौलाची गलतीकरांस आज्ञा मला या विषयाची किल्ली वाटते. जोखीम हेही एक ओझंच आहे. कापसातली सरकी काढणारा जिनवाला पेरणीच्या वेळीच कापसाचा भाव बांधून घेतो तेव्हा शेतकऱ्याच्या ओझ्याचा एक भाग तो उचलतो. कारखान्याचा शेअर घेणारा कारखानदाराच्या ओझ्याचा वाटा घेतो. बुडालं तर त्याचंही बुडेल. जुगारी मात्र कोणाचं ओझं उचलत नाही. तो शेजाऱ्याच्या डोक्यावर नवं ओझं ठेवू बघतो, आणि आपण जिंकावं म्हणजे शेजारी हरावा, अशी त्याला इच्छा करावीच लागते. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगितलेल्या माणसाला ही इच्छा मनात धरून प्रार्थनेला बसता येत नाही.

पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या टाकल्याचे प्रसंग आहेत, हे खरं. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठीने झाली. पण आधी प्रार्थना झाली, आणि कोणाचं काही हिरावलं गेलं नाही. दुसरीकडे वधस्तंभाखाली शिपायांनी येशूच्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या. दोन्हीकडे चिठ्ठीच होती. आपल्या बायकांच्या भिशीतही चिठ्ठी निघते. पण तिथे प्रत्येकीला आपलेच पैसे मिळतात. आधी कोणाला, एवढंच चिठ्ठी ठरवते. भिशी लावणाऱ्या बहिणींनी मनाला उगीच टोचणी लावून घेऊ नये.

रुपयांचा दृष्टांत तुम्हाला ठाऊक आहे. धन्याने दिलेला पैसा दोन दासांनी व्यापारात घातला, तिसऱ्याने भीतीने जमिनीत पुरला, आणि बोल तिसऱ्याला लागला. या दृष्टांताचा आधार घेऊन काही उपदेशक विश्वासणाऱ्यांना श्रीमंतीची हमी देतात, ते मला अजिबात मान्य नाही. दृष्टांतातला पैसा धन्याचा आहे आणि हिशेब त्यालाच द्यायचा आहे, हे त्यातलं पहिलं वाक्य ते गाळतात. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजावा, असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. अमक्या शहरी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू, असं उद्याबद्दल ठासून बोलणाऱ्यांना याकोब दटावतो. तो त्यांना व्यापार करू नका म्हणत नाही, उद्याचा दिवस आपल्या मालकीचा समजू नका म्हणतो.

जुन्या चर्चचा विचार तर आपल्याला उलटा वाटेल असा होता. मध्ययुगात चर्चने व्याजाला बंदी केली, पण भागीदारीतला नफा चालवून घेतला. थॉमस अक्वायनसचं म्हणणं असं, की जो व्यापाऱ्याच्या हाती पैसा सोपवतो आणि तो बुडण्याची जोखीम स्वतःकडे ठेवतो, त्याला नफ्याचा वाटा मागता येतो. म्हणजे जोखीम घेणं हा दोष नव्हता, नफ्याचा हक्क तीच मिळवून देत होती. संशय होता तो जोखीम न घेता मिळणाऱ्या लाभावर.

आणि असा जोखमीविना लाभ बडोद्याने पाहिला आहे. १८०२ नंतर अरब शिबंदीचा थकलेला पगार देण्यासाठी गायकवाड सरकारने कर्ज काढलं, तेव्हा सावकारांना इंग्रज कंपनीने हमी दिली. तिला ‘बहांदरी’ म्हणत. पैसा दिला सावकारांनी, पण बुडण्याचं भय त्यांना उरलं नाही. भार पडला सरकारी खजिन्यावर, म्हणजे शेवटी रयतेवर. यात फासा कोणी टाकला नव्हता. तरीही शेजाऱ्याच्या डोक्यावर ओझं गेलंच. जॉन वेस्ली अठराव्या शतकात पैशाच्या उपयोगावर प्रवचन करताना जुगार, फुगवलेली बिलं आणि जबर व्याज यांना एकाच ओळीत बसवतो. त्याचं कारण इथे, मांडवीच्या वाटेवर, मला नीट कळतं.

सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी दहा लाखांच्या भांडवलावर बँक ऑफ बडोदा उभी केली. पाचच वर्षांनी देशभर बँका कोसळू लागल्या. मुंबईची इंडियन स्पेसी बँक १९१३ मध्ये चांदीच्या सट्ट्यात बुडाली. ठेवी ठेवणाऱ्यांना वाटत होतं आपण बँकेत पैसा ठेवला आहे. प्रत्यक्षात त्यांच्या नकळत तो चांदीच्या भावावर लावला गेला होता. बडोद्याची बँक त्या वादळातून तरली. दोघींच्या दारावर पाटी ‘बँक’ अशीच होती. पाटीवरून काही ठरत नाही, हे मी बँकेत बसून शिकले.

पण मला सगळ्यात जवळचं उदाहरण आहे पंडिता रमाबाईंचं. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता, आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. मग मुलींनी खायचं काय? रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं, हा हिशेब. विचार करा, पुण्याच्या पूर्वेचा तो कोरडा मुलूख, फळ धरायला वर्षं घेणारी झाडं, आणि हाताशी दुसऱ्यांनी विश्वासाने दिलेला पैसा. याहून मोठी जोखीम कोणती? आणि ती घेणारी बाई पावसाच्या लहरीपणाबद्दल भाबडी नव्हती. तिचे आईवडील दुष्काळातच गेले होते.

पुढे हिशेबाप्रमाणे घडलंच नाही. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, आणि रमाबाई तिथून शेकडो मुली, बालविधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, तिथे त्यांना ठेवता येईना. उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर या मुलींची छपरं उभी राहिली. त्याचंच मुक्ती सदन झालं. १९०० च्या दुष्काळात, ज्याला आपल्या गुजरातेत छप्पनियो म्हणतात, इथल्याही मुली केडगावला पोचल्या. गुंतवणुकीच्या कागदावर मांडलेला नफा एक आणि हाती आलेलं फळ दुसरंच. पण विहिरीला पाणी होतं, पायाखाली जमीन होती. हिशेब चुकला तरी काहीतरी उरलं, आणि ते दुसऱ्यांच्या उपयोगी पडलं.

याच्या शेजारी आजचं ठेवते. माझ्या नात्यातल्या एका तरुण मुलाने मोबाइलवर ऑप्शनचे सौदे सुरू केले. दर आठवड्याला एक्स्पायरी, सकाळी घेतलेलं दुपारी शून्य. घरी सांगे, “मावशी, मी गुंतवणूक करतो.” बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे गेले तेव्हा घराला कळलं. तो एकटा नाही. सेबीच्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या सुमारे एक कोटी वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेलेले आढळले, आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर होता. कापूस ठेवलेला जिनवाला भाव पडण्याच्या भयाने वायदा करतो, तो आधीचं ओझं हलकं करतो. ज्याच्याकडे ना कापूस ना कारखाना, तो त्याच बाजारात दुपारपर्यंतच्या हालचालीवर पैसे लावतो, तेव्हा ती मुंबईच्या पावसावरची पैजच झाली. कायद्याने त्याला परवानगी आहे, पण कायद्याची परवानगी म्हणजे सदसद्विवेकाची मोकळीक असं मी मानत नाही.

कॅथलिक बंधूंची शिकवण आमच्याहून थोडी सैल आहे. नशिबाचा खेळ स्वतःमध्ये अन्याय नाही, पण स्वतःच्या आणि घरच्यांच्या गरजेचा पैसा त्यात जाऊ लागला की तो अमान्य, असं ते म्हणतात. मी मेथडिस्टच राहणार. तरी ‘गरजेचा पैसा’ हा त्यांचा शब्द मी उचलला आहे, कारण चांगल्या कंपनीचा शेअरसुद्धा मुलांच्या फीच्या पैशाने घेतला तर तो घरच्यांच्या अन्नावर लावलेला डाव होतो.

त्या बाईंना मी त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून उत्तर दिलं. आधी आम्ही दोन वर्षांचा घरखर्च आणि औषधं वेगळी काढली, ती ठेवीत गेली. दशांश बाजूला ठेवला, त्यांची तशी इच्छा होती. उरलेल्यातला काही भाग त्यांनी फंडात घातला. मी त्यांना फंडातल्या कंपन्यांची यादी वाचून दाखवली. एका नावावर त्या थांबल्या. ती सिगारेटची कंपनी होती, आणि त्यांचे यजमान फुप्फुसाच्या आजाराने गेले होते. “याचा नफा मला नको,” त्या म्हणाल्या. आम्ही दुसरा फंड शोधला.