सरकार कर्ज काढते तेव्हा रांगेत शेवटी कोण?



समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीचा सरकारी कर्जाशी काय संबंध, असे तुमच्यापैकी काहींना वाटले असेल. संबंध तारणाचा आहे.

१९९१ च्या सुमारास बँकेतल्या १०० रुपयांच्या ठेवींपैकी ३८.५० रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवणे बंधनकारक होते. आणखी १५ रुपये रिझर्व्ह बँकेकडे. उरलेल्या निम्म्याहून कमी पैशांत शेती, व्यापार, मोठे कारखाने, आणि सगळ्यांत शेवटी छोटा कारखानदार. आज रोख्यांची सक्ती १८ टक्क्यांवर आली आहे, तरी बँका त्याहून जास्त रोखे आपणहून बाळगतात. साहजिक आहे. सरकारकडे तारण मागावे लागत नाही.

आपल्याकडे मागतात. आणि तारण म्हणजे जमीन, घर, गाळा, म्हणजे मागच्या पिढ्यांना काय मिळू दिले गेले त्याचाच हिशेब. संशोधनासाठी मी छोट्या कारखानदारांशी बोलते. त्यांतले एक म्हणाले, "ऑर्डर आहे, मशीनचं कोटेशन आहे, पण बँक सातबारा मागते. बापाकडं सातबारा असता तर मी लेथवर कशाला उभा राहिलो असतो?"

मग सरकारने कर्ज काढूच नये का? हा सल्ला मला पटत नाही. १९६५ नंतर युद्ध आणि दुष्काळाच्या ओढाताणीत सरकारी गुंतवणूक आवरली गेली. रेल्वेच्या वाघिणींची मागणी घटली आणि हावडा-कोलकात्याच्या इंजिनिअरिंग कारखान्यांना मंदीने गाठले. सरकारने हात आखडला म्हणून खासगी कारखाने फुलले नाहीत, उलट त्यांचे कामच गेले. शेतीच्या दुखण्यावर औद्योगिकीकरण हा उपाय बाबासाहेबांनी १९१८ सालीच मांडला होता. १९४७ मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. असे उद्योग उभारायला भांडवल लागते, आणि गरीब देशात ते नुसत्या करांतून जमत नाही.

म्हणून मी आकड्याआधी खर्च बघते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्याजासाठी सुमारे पावणेतेरा लाख कोटी रुपये होते, तर रस्ते-रेल्वे वगैरे भांडवली खर्चासाठी सुमारे सव्वाअकरा लाख कोटी. जुन्या कर्जाचे व्याज नव्या बांधणीहून मोठे! टीव्हीवरची चर्चा मात्र तुटीच्या टक्क्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते.

त्या सव्वाअकरा लाख कोटींतून ऑर्डरी निघतात. केंद्राच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतली ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी, असे २०१२ चे खरेदी धोरण सांगते. लघुउद्योगाचे बिल ४५ दिवसांत चुकते करावे, असे २००६ चा कायदा सांगतो. बिल सहा महिने अडकले की कारखानदार सावकाराकडे जातो, म्हणजे सरकारला द्यायच्या मालासाठी व्याज तो भरतो. हे कर्ज कोणत्याच अर्थसंकल्पात दिसत नाही.

सध्या मी अशीच थकलेली बिले गोळा करते आहे. तुमच्या घरात, नात्यात कुणी सरकारी खात्याला माल पुरवत असेल, तर कार्यक्रमानंतर जरा थांबा, मला त्यांच्याशी बोलायचे आहे.